उंटावरून हाकलेली शेती

‘योजना उत्तम होती, अंमलबजावणी मात्र फसली.’ सरकारी सेवेत केस पिकलेल्या मंडळींच्या बैठकीत शेतीचा विषय निघाला की हे वाक्य ठरल्याप्रमाणे कोणाच्या तरी मुखातून बाहेर पडते आणि बाकीचे सारे माना डोलावतात. लखनौसारख्या राजधानीत, जेथे आपल्या मराठी बांधवांपैकी पुष्कळजण सचिवालयात, रेल्वेत, लेखापरीक्षणात, बँकांत आणि संशोधनसंस्थांत अधिकारपदे भूषवीत आले आहेत, तेथे तर या वाक्यास सुभाषिताची प्रतिष्ठा लाभली आहे. वाक्य सोयीचे आहे यात शंका नाही. त्यात योजना आखणाऱ्याची बुद्धी शाबूत राहते, ती मंजूर करणाऱ्याचे औदार्य शाबूत राहते, आणि दोष जातो तो कोठल्या तरी तहसिलीतल्या एखाद्या कनिष्ठ नोकराच्या माथी, अथवा ज्याच्यासाठी सारा खटाटोप झाला त्या ‘अडाणी’ शेतकऱ्याच्या माथी. परंतु सोयीचे वाक्य खरे असतेच असे नाही. हे वाक्य खोटे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याचा पुरावा धुंडाळण्यास फार दूर जावयास नको, कारण त्यातला बराचसा या गोमतीकाठच्या शहरातच पडलेला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शेतीविषयीची जी योजना शेतकऱ्याचा नकार ऐकून घेण्याची सोय ठेवीत नाही, ती कागदावर असतानाही चांगली नसते. अंमलबजावणी पुढे फसते ती या मुळातल्या उणिवेमुळे. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आम्ही नियोजनाचे वैरी नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो. कालवे, वीज, संशोधन, रस्ते, शेतजमिनीचे एकत्रीकरण ही कामे कोणी एकटा शेतकरी करू शकत नाही. ती शासनानेच करावयाची आहेत. वाद आहे तो एवढाच की शासनाने शेतकऱ्यापुढे काही ठेवावयाचे आणि त्याने ते घ्यावे की न घ्यावे हे त्याचे त्याने ठरवावयाचे, की शासनाने ठरवावयाचे आणि त्याने निमूटपणे पार पाडावयाचे.

प्रथम या प्रांतातलेच उदाहरण घेऊ. १९४८ साली इटावा जिल्ह्यातील महेवा येथे संयुक्त प्रांताच्या सरकारने एक लहानसा प्रयोग आरंभिला. गोविंद वल्लभ पंत तेव्हा प्रांताच्या सरकारचे प्रमुख होते. प्रयोगाचा सूत्रधार होता अल्बर्ट मेयर हा अमेरिकन नगररचनाकार. महायुद्धाच्या काळात लष्करी अभियंता म्हणून तो हिंदुस्थानात आला होता. प्रारंभी ६४ गावे घेतली, पुढे ती ९७ झाली. सुधारित गहू, हिरवळीचे खत, जनावरांना रोगप्रतिबंधक लस, विटांच्या भट्ट्या, प्रौढशिक्षण अशी कामे तेथे झाली आणि गव्हाचे उत्पन्न वाढले. परंतु यांपैकी एकही गोष्ट नवलाची नव्हती. शेतकी खात्याच्या जुन्या दप्तरांत ती सारी सापडली असती. खरे नवल वेगळे होते. ग्रामसेवकाने मोजकी गावे घ्यावयाची, आधी ऐकावयाचे, आणि गावाला पटेल तेच पुढे न्यावयाचे असा तेथे दंडक होता. शिवाय साहेबाच्या बैठकीत त्या ग्रामसेवकाने ‘हे आमच्या गावात चालत नाही’ असे उघड म्हणावे अशी अपेक्षा होती. या गोष्टीस मेयर ‘अंतर्गत लोकशाहीकरण’ असे नाव देत असे. मुजरा करून उभे राहण्याची सवय लागलेल्या शासनयंत्रणेत ही लहान गोष्ट नव्हती.

प्रयोग गाजला, आणि गाजलेल्या प्रयोगाचे जे होते तेच त्याचे झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर ५५ सामूहिक विकास योजना एकदम सुरू झाल्या. वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. आणि दहाएक वर्षांत साऱ्या देशावर विकासगटांचे जाळे टाकावयाचे ठरले. नावे तीच, ग्रामसेवक तोच, बियाणेही तेच. बदलली ती प्रश्न विचारण्याची दिशा. महेव्यात ग्रामसेवक गावाचे म्हणणे घेऊन वर जात होता. आता तो वरचा लक्ष्यांक घेऊन गावात जाऊ लागला. खताचे खड्डे इतके, शोषखड्डे इतके, सुधारित बियाणे इतके मण, श्रमदानाचे तास इतके. खड्डा खणला की नोंद झाली. त्या खड्ड्यात पुढे खत झाले की पोरे पडली हे विचारणारा रकाना तक्त्यात नव्हता.

हे दिसत नव्हते असे नाही. नियोजन आयोगाने १९५२ सालीच कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली होती, आणि तिची धुरा दत्तात्रय गोपाळ कर्वे या पुण्याच्या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे होती. बांधकामांची आणि आकड्यांची प्रगती दिसते, परंतु लोकांचा सहभाग उथळ आहे, आणि लाभ मुख्यतः आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या पदरात पडतो आहे, हा त्या संघटनेच्या अहवालांतील वारंवार उमटणारा सूर होता. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनेही स्थानिक पुढाकार जागृत करण्यात कार्यक्रम अपयशी ठरल्याचे सांगितले. आता विचार करा. दिल्लीला सत्य सांगणारा माणूस होता, तो सरकारनेच नेमलेला होता, त्याचे अहवाल सरकारी खर्चानेच छापले जात होते. तरीही लक्ष्यांकांचा गाडा थांबला नाही, कारण कोणाची बढती कर्व्यांच्या अहवालावर अवलंबून नव्हती. ती अवलंबून होती खड्ड्यांच्या तक्त्यावर. यास ‘अंमलबजावणीतील त्रुटी’ म्हणावयाचे काय? योजनेने जे मागितले तेच तिला मिळाले. तिने खड्डे मागितले, तिला खड्डे मिळाले.

याच सुमारास आपल्या राज्यकर्त्यांची दृष्टी चीनकडे लागली होती. १९५६ साली भारत सरकारने तेथील शेती पाहण्यासाठी दोन शिष्टमंडळे धाडली. सहकारी शेतीचा अभ्यास करणाऱ्या मंडळाचे नेते होते आर. के. पाटील. सनदी नोकरी सोडून राष्ट्रीय चळवळीकडे वळलेला, नागपूरकडचा हा निःस्पृह गृहस्थ कोणाच्या आमिषास भुलणारा नव्हता, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. यजमान सरकारने आखलेला दौरा, दुभाष्यांच्या मुखाने झालेले संवाद आणि अधिकाऱ्यांनी पुरविलेले आकडे, या साहित्यावर अभ्यास झाला. १९५७ साली सादर झालेल्या अहवालात सहकारी शेतीचा भारतात व्यापक प्रमाणावर अवलंब करावा अशी शिफारस होती. दोन सदस्यांनी आपले भिन्नमत नोंदविले. परंतु भिन्नमतपत्रिकेची जागा नेहमी अहवालाच्या शेवटी असते, आणि घाईत असलेला मंत्री तेथवर पोहोचत नाही.

पुढे चीनमध्ये काय घडले हे आता जगजाहीर आहे. १९५८ साली सहकारी शेते मोडून प्रचंड जनसंघ उभारण्यात आले. वरिष्ठांना प्रसन्न करण्यासाठी खालच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगविले. फुगविलेल्या आकड्यांच्या प्रमाणात सरकारने धान्य उचलले. आणि जे धान्य पिकलेच नव्हते त्याचा हिस्सा शेतकऱ्याच्या कणगीतून गेला. १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. तो दुष्काळ पावसाने आणला त्याहून अधिक तक्त्याने आणला. १९५९ साली पेंग देहुआई या संरक्षणमंत्र्याने लुशान येथील बैठकीत ही गोष्ट बोलून दाखविली, तेव्हा त्याला पदावरून दूर करण्यात आले, आणि मग सत्य सांगण्यास कोणी उरले नाही. रशियात याच्या आधी, १९२९ पासून, हेच घडून चुकले होते. सक्तीची सामूहिक शेती, १९३२-३३ चा युक्रेन आणि कझाकस्तानातील दुष्काळ, आणि पुढे १९७४ पर्यंत सामूहिक शेतावरील शेतकऱ्यास देशांतर्गत प्रवासाचा परवाना मिळण्याचा साधा हक्कही नाही. त्या देशात शेतकऱ्याला घराभोवती जो तुकडा स्वतःसाठी कसण्यास मिळत असे, त्याचे क्षेत्र एकूण लागवडीच्या काही थोड्या टक्क्यांएवढेच. परंतु देशाच्या शेतीउत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा तेथून येत असे. आणि ज्याने साऱ्या जगाला धान्य पुरवावे अशा विस्ताराच्या त्या देशाला १९६३ पासून परदेशी गहू विकत आणावा लागला.

चीनमध्ये लोक उपाशी मरण्यास प्रारंभ होत होता त्याच जानेवारी १९५९ मध्ये नागपूर येथे काँग्रेसच्या अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेती हे भारतीय शेतीचे भावी स्वरूप असल्याचा ठराव केला. त्या अधिवेशनात उभे राहून ठरावास स्पष्ट विरोध करणारा माणूस लखनौहून गेला होता. चौधरी चरणसिंह हे तेव्हा उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळात होते. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. आपल्याकडे जमीन थोडी आणि हात पुष्कळ. तेव्हा एकरी उत्पन्न वाढले पाहिजे, आणि ते आपल्या मालकीच्या लहान तुकड्यावर राबणारा मनुष्य काढतो तितके मजुरासारखा पाळीवर येणारा काढीत नाही. शिवाय मोठ्या संयुक्त शेतावर यंत्रे येतील आणि हात रिकामे होतील. जमीनदारी निर्मूलनाचा १९५० चा कायदा आणि एकत्रीकरणाचा १९५३ चा कायदा यांच्या घडणीत ज्याचा मोठा वाटा होता, आणि १९५३ साली सुमारे २७,००० पटवाऱ्यांनी एकजुटीने दिलेले राजीनामे ज्याने न डगमगता स्वीकारले, त्या माणसास शेती अथवा नोकरशाही कळत नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. एप्रिल १९५९ मध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि त्याच वर्षी संयुक्त शेतीची चिरफाड करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या विचारात उणीव नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याजवळ कसण्यास तुकडाच नाही त्या भूमिहीनाचा आवाज त्यांच्या दरबारात क्षीणच राहिला. परंतु मुख्य प्रश्नावर इतिहासाने निवाडा दिला तो त्यांच्या बाजूने.

तो निवाडा चीननेच दिला. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील शियाओगांग या दरिद्री खेड्यातील अठरा शेतकऱ्यांनी एका कागदावर गुपचूप सह्या व अंगठे केले की, जमीन घरटी वाटून घ्यावयाची, सरकारचा हिस्सा चुकता करावयाचा आणि उरलेले आपले. सापडले असते तर तुरुंग होता. ते सापडलेही, परंतु तोवर पीक आले होते, आणि ते पाहण्याइतके शहाणपण काही वरिष्ठांनी दाखविले. पुढे हीच पद्धत साऱ्या देशाने स्वीकारली. १९७८ साली चीनचे धान्योत्पादन सुमारे ३०.५ कोटी टन होते. १९८४ साली ते ४०.७ कोटी टनांवर गेले. आधीच्या राजवटीत खोदलेले कालवे, खतांचे नवे कारखाने, संकरित भात आणि १९७९ साली वाढविलेले खरेदीभाव यांचाही त्यात वाटा होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु जमीन तीच होती, शेतकरी तेच होते आणि, आमच्या वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे, अधिकारीही तेच होते. अंमलबजावणी करणारे हात बदलले नाहीत. शेतकऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक मिळाली, इतकेच बदलले. व्हिएतनामने १९८८ साली तीच वाट धरली, आणि तांदूळ आयात करणारा तो देश वर्षभरात तांदूळ निर्यात करू लागला. ‘योजना उत्तम, अंमलबजावणी वाईट’ या सिद्धान्ताचे याहून स्वच्छ खंडन आम्हांस ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ‘ही हुकूमशाही देशांची कहाणी, आपल्याकडे मतपेटी आहे, वृत्तपत्रे आहेत, न्यायालये आहेत.’ आहेत खरी. आणि त्यांच्यामुळेच स्वतंत्र भारतात चीनसारखा दुष्काळ पडला नाही, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु माणूस उपाशी मेला नाही म्हणजे योजना निर्दोष ठरली, असे नव्हे. आपल्या महाराष्ट्राकडेच पाहा. १९७१ चा कायदा करून १९७२ च्या हंगामापासून राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. हेतू निर्मळ होता. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकरी सोडवावयाचा होता. परंतु सरकारखेरीज कोणास कापूस विकू नये असा नियम झाला. शेजारच्या राज्यात भाव चढला की विदर्भातला शेतकरी आपल्याच शेतातला कापूस रात्रीच्या वेळी चोरासारखा सीमेपलीकडे नेऊ लागला. तेथे भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येऊन सरकारच्या गळ्यात पडू लागला. तोटा डोंगराएवढा झाला आणि या शतकाच्या आरंभी योजना मोडीत निघाली. ज्याला सोडवावयाचे त्यालाच गुन्हेगार ठरविणारी योजना चांगली होती असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

त्याच महाराष्ट्रातले दुसरे चित्र नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लोणीचे. तेथे विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळांनी अर्थशास्त्राचे ज्ञान आणि अध्यक्षपदाची जबाबदारी दिली, आणि १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना गाळप करू लागला. शासनाचे साहाय्य तेथेही होते. परंतु शेतकरी मालक होता आणि सभेत उठून हिशेब विचारू शकत होता. हेच गाडगीळ १९६७ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, ही गोष्ट आमच्या नियोजनविरोधी मित्रांनीही लक्षात ठेवावी. पुढे अनेक सहकारी कारखाने घराण्यांच्या मुठीत गेले, सभासदाचा प्रश्न सभेत दाबला जाऊ लागला, कित्येक कारखाने कवडीमोलाने विकले गेले. आणि बीडकडून येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांना तर त्या सभेत कधी जागाच नव्हती. जेथे प्रश्न विचारता येईनासा झाला तेथे सहकारही सरकारी योजनेसारखाच कुजला. नाव सहकाराचे असो की शासनाचे, रोगाचे कारण एकच.

आता आपल्या दाराशी येऊ. नियोजन आयोग १ जानेवारी २०१५ पासून इतिहासजमा झाला, आणि त्याबरोबर नियोजनयुगही संपले असे आपण समजतो. ज्याला ते समजूत तपासून पाहावयाची असेल त्याने डालीबागेतील ऊस आयुक्तांच्या कार्यालयाचे काम अभ्यासावे. १९५३ च्या कायद्यानुसार कोणत्या गावचा ऊस कोणत्या कारखान्यास जावयाचा हे येथून ठरते. उसाचा भाव लखनौ जाहीर करते, आणि तो अधिकार राज्याचा आहे यावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली शिक्कामोर्तब केलेले आहे. कोणत्या दिवशी किती ऊस तोडून आणावयाचा हे शेतकऱ्यास ‘पर्ची’ सांगते. पूर्वी ती कागदाची असे, आता भ्रमणध्वनीवर संदेश येतो. पर्चीपूर्वी तोडला तर ऊस वाळून वजन घटते. पर्चीची वाट पाहिली तर गव्हाच्या पेरणीस शेत मोकळे होत नाही. गरजवंत शेतकरी मग ऊस कोल्हूवर, म्हणजे आपल्याकडच्या गुऱ्हाळावर, कमी भावात रोखीने घालतो.

या व्यवस्थेचे काही गुण आहेत. पर्ची यंत्राने निघू लागल्यापासून दलालांचा सुळसुळाट कमी झाला, हे अनेक शेतकरी सांगतात. परंतु तिचा तराजू पाहा. शेतकऱ्याने कोणास द्यावे, केव्हा द्यावे, किती द्यावे हे सारे आदेशाने ठरलेले. त्याच्या बाजूचे आश्वासन मात्र एकच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, आणि विलंब झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज मिळावे. शेतकऱ्याचा दिवस चुकला तर त्याची पर्ची जाते. कारखान्याचा दिवस चुकला तर काय होते? हंगामामागून हंगाम थकबाकी राहिली. व्याजाची तर कथाच निराळी. २०१२-१३ पासूनच्या तीन हंगामांचे व्याज राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांना माफ करून टाकले. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयास तो निर्णय रद्दबातल करावा लागला. एकाचे देणे, दुसऱ्याचे येणे, आणि माफ करणारा तिसराच! सावकारी पाशाच्या जुन्या कथांतही असा उदार तिऱ्हाईत आम्हांस आढळलेला नाही. भावाचेही तेच. २०१७-१८ पासून चार हंगाम लवकर पक्व होणाऱ्या जातींचा भाव क्विंटलला ३२५ रुपयेच राहिला. डिझेल, खत, मजुरी यांना तसे थांबण्याचा आदेश कोणी दिला नव्हता. ‘व्यवस्था चांगली आहे, अंमलबजावणीत थोडी कसर आहे’ असे येथेही सांगितले जाते. आम्ही विचारतो, जी व्यवस्था एका बाजूची तारीख यंत्राने पाळून घेते आणि दुसऱ्या बाजूची तारीख न्यायालयावर सोडते, तिला चांगली कशावरून म्हणावयाचे?

मग सारे बाजारावर सोडून द्यावे काय? असे म्हणणाऱ्यांनाही आमचे तितकेच कडक उत्तर आहे. डिसेंबर १९९१ मध्ये रशियाच्या अध्यक्षांनी हुकूम काढला की, १ जानेवारी १९९३ पूर्वी साऱ्या सामूहिक शेतांची पुनर्रचना झालीच पाहिजे. सामूहिक शेती हुकमाने आली होती, ती हुकमानेच, तारीख लावून, गेली. शेतकऱ्याच्या हाती जमिनीच्या हिश्शाचा कागद पडला. परंतु बियाणे, यंत्रे, कर्ज, बाजार यांपैकी काहीच हाती नसल्यामुळे बहुसंख्य शेतकरी नव्या पाटीखाली जुन्याच शेतावर राहिले. आपल्याकडे जून २०२० मध्ये महामारीच्या ऐन भरात अध्यादेशांनी तीन शेतीकायदे आले. त्यांतील काही तरतुदी विचार करण्यासारख्या होत्या, हे शेतमालाच्या बाजारस्वातंत्र्याचा दीर्घकाळ पुरस्कार करणाऱ्यांनी त्या वेळी सांगितलेही. परंतु ज्याच्या भल्यासाठी कायदा, त्यास विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. त्याही वेळी राजधानीच्या वर्तुळात ऐकू आले ते हेच, की कायदे उत्तम होते, समजावून सांगण्यात आपण कमी पडलो. समजावून सांगणे! समजून घेणे हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. योजनेचा उंट असो की बाजाराचा, वर बसून शेळ्या हाकण्याची हौस तीच.

याउलट आपल्याच देशात शासनाने शेतकऱ्यापुढे काही ठेवले आणि निवड त्याच्यावर सोपविली, तेव्हा काय झाले तेही पाहा. १९६६ साली मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. त्यामागे संशोधन होते, १९६५ साली स्थापन झालेल्या अन्न महामंडळाची खरेदी होती, भावाची हमी होती. पेरा म्हणून सक्ती नव्हती. शेजाऱ्याच्या शेतातली ओंबी पाहून या प्रांताच्या पश्चिम भागातील शेतकऱ्याने ते बियाणे मागून नेले. ज्याला आपण अडाणी म्हणत होतो त्याने चारपाच हंगामांत देशाची गव्हाची चिंता हलकी केली. त्या यशाचे दुष्परिणाम पुढे दिसले, हे खरे. खोल गेलेले भूजल त्याची साक्ष देते. परंतु निवडण्याची संधी दिली तर शेतकरी हिशेब चोख करतो, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

आता प्रश्न उरतो तो आमच्या वाचकांचा. शरद जोशी हे भारतीय टपाल सेवेतील अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत गेलेले. ती नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले, आणि शेतीचा तोटा कोठून येतो हे त्यांना स्वतःच्या हिशेबाच्या वहीत दिसले. त्यांच्या साऱ्या निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. सर्वांनी नोकऱ्या सोडून नांगर धरावा असेही आम्ही सुचवीत नाही. घरे चालवावयाची आहेत, मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत. परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याची एक अडचण आम्ही जाणतो. येथील जिल्ह्यांत त्याचे ना गोत, ना शेत. जातीपातीच्या ओढाताणीपासून तो दूर राहू शकतो हा त्याचा लाभ. परंतु खेड्याची खबर त्याला तक्त्यातूनच मिळते ही त्याची उणीव. तक्ता हाच त्याचा गाव होतो.

म्हणून आमची मागणी खुर्ची सोडण्याची नाही, खुर्चीत बसूनच करता येण्याजोग्या तीन गोष्टींची आहे. पहिली, जी आकडेवारी आपण पाहिली नाही अथवा ज्याने पाहिली त्यास विचारली नाही, तिच्याखाली सही करू नये. चीनमध्ये अशाच सह्यांनी माणसे मारली. दुसरी, शेतीविषयक प्रत्येक टिपणीत ‘शेतकऱ्यांनी कशास व का नकार दिला’ असा एक परिच्छेद असावा, आणि तो शेवटी न टाकता आरंभी घालावा. तिसरी मागणी लखनौपुरती आहे. ज्या संदेशाने पर्ची शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाते, त्याच मार्गाने पंधराव्या दिवशी दुसरा संदेश जावा: तुमचे इतके रुपये येणे आहेत, ते अमुक कारखान्याकडे आहेत, आजपासून त्यावर इतके व्याज चढत आहे; आणि तोच संदेश त्या कारखान्याच्या व्यवस्थापकास व आयुक्तांसही जावा. त्यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. कायदा १९६६ पासून आहे आणि यंत्र हाती आहे. ज्यांच्या टेबलावरून अशी टिपणी निघू शकते असे वाचक या मासिकाला आहेत, म्हणून हे येथे लिहिले.

त्या टिपणीवर ‘तूर्त शक्य नाही’ असा शेरा येईल, हे आम्हांस ठाऊक आहे. येऊ द्यावा. मात्र तो लेखी घ्यावा, त्याखाली तारीख घालून घ्यावी, आणि पुढच्या गळीत हंगामापूर्वी टिपणी पुन्हा वर पाठवावी.